खेळणारा आणि बघणारी

पालकसभेत अभ्यासाचा विषय निघाला की पाठोपाठ मोबाईलचा निघतोच. तक्रार ठरलेली असते: "मॅडम, तासन्‌तास गेममध्ये डोके घालून बसतो. तुमचे तरी ऐकेल, जरा दम द्या." यंदा मात्र आठवीतल्या एका मुलाच्या आईने वेगळाच प्रश्न विचारला. "तो म्हणतो, अम्मी, मी खेळत नाही, इंग्लिश शिकतोय. हे खरे असते का हो?" बाकीच्या सगळ्याजणी हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या मुलाचा तो बहाणा असेलही, पण भाषा शिकवणाऱ्या लोकांनी जगात ठिकठिकाणी याच प्रश्नावर मेहनत घेतली आहे, आणि त्यांच्या हाती जे लागले ते आपल्या घरांच्या फार कामाचे आहे. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला.

आधी आपल्या मुलांच्या भाषांचा हिशेब मांडू. घरात दख्खनी, नाहीतर कोकणी, नाहीतर सरळ मराठी. शाळेत उर्दू किंवा मराठी माध्यम. मकतबात अरबी अक्षरे. मित्रांत आणि मोबाईलवर हिंदी. इतक्या भाषा कानावर घेऊन वाढलेले मूल भाषेत कच्चे कसे असेल? तरी इंग्रजीचे नाव काढले की तोंडाला कुलूप. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. म्हणजे मॅट्रिकला बसणारा मुलगा दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो आणि चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. याचे खापर आम्हा शिक्षकांवर फोडायचे तर फोडा, पण एक कारण त्याहून साधे आहे. त्या दहा वर्षांत इंग्रजीवाचून त्याचे कधी काही अडलेलेच नसते. धड्यात 'फर्नेस' शब्द आला, अर्थ 'भट्टी', पाच वेळा वहीत लिहिला, परीक्षा झाली, विसरला. भट्टीशी त्याला काय करायचे होते?

आता हाच शब्द 'माइनक्राफ्ट' या गेममध्ये बघा. स्वीडनमध्ये तयार झालेला हा ठोकळ्यांचा गेम २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला. यात खाणीतून कच्चे लोखंड काढायचे, ते फर्नेसमध्ये घालायचे, खाली कोळसा घालायचा, तेव्हा लोखंडाची वीट मिळते. त्या विटांपासून बादली, कुदळ, तलवार. फर्नेस कशाला म्हणतात हे कळले नाही तर खेळ तिथेच थांबतो. कळले की लगेच हाताने ती भट्टी मांडायची, पेटवायची, त्यातून माल काढायचा. शब्द, वस्तू आणि काम तिन्ही एका क्षणात एकत्र येतात. माझ्या वर्गात अग्निजन्य खडकांचा पाठ चालू असताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा आपणहून म्हणाला, "ऑब्सिडियन. लाव्ह्यावर पाणी पडले की होतो." एरवी तो हजेरीलासुद्धा मोठ्याने 'हाजिर' म्हणत नाही. कुठून शिकलास असे विचारावे लागले नाही.

पण यावरून सगळेच गेम इंग्रजी शिकवतात असे समजू नका. आपल्या गल्लीत सगळ्यात जास्त खेळले जातात ते गोळीबाराचे गेम. 'पबजी'वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पुढच्या वर्षी तोच प्रकार 'बीजीएमआय' या नावाने परत आला आणि मुलांनी एक दिवसाचाही उपास न मोडता पुढे खेळणे चालू केले. तो खेळ चालू असताना जरा कान देऊन ऐका. कानाला इयरफोन, चार दोस्त ऑनलाइन, आणि बोलणे सगळे हिंदीत. इंग्रजी काय? लूट, कव्हर, एनिमी, रिव्हाइव्ह, असे डझन-दीड डझन शब्द. ते पहिल्या आठवड्यात येतात आणि दोन वर्षांनीही तेवढेच राहतात.

आयांसाठी मी एक साधी कसोटी ठरवली आहे. गेमचा आवाज बंद केला आणि पडद्यावरची अक्षरे झाकली, तरी मुलगा तो तितक्याच आरामात खेळू शकेल का? खेळू शकत असेल तर तो गेम भाषा शिकवत नाही, मग तो इंग्रजीत असो की चिनी भाषेत. गाड्यांच्या शर्यती, रंगीत गोळ्या फोडणे, बंदूकबाजी हे सगळे या कसोटीत नापास होते. गोष्ट असलेले, कोडी असलेले, शहर किंवा शेती उभी करायला लावणारे, पात्रांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ न देणारे गेम पास होतात.

स्वीडनचे नाव वर आले, तर तिथलीच पुढची गोष्ट सांगते. पिया सुंडक्विस्ट या संशोधक बाईंनी नववीच्या मुलांचे शाळेबाहेरचे इंग्रजी अभ्यासले आणि २००९ साली त्यावर प्रबंध लिहिला. मुले घरी गाणी ऐकतात, सिनेमे बघतात, वाचतात, गेम खेळतात. यातले कशाचे इंग्रजी अंगी लागते? त्यांना असे दिसले की नुसते ऐकण्या-बघण्यापेक्षा ज्यात मुलाला स्वतः काही करावे लागते, म्हणजे वाचन, इंटरनेट आणि गेम, त्यांचा शब्दसंग्रहाशी आणि बोलण्याशी जास्त घट्ट संबंध आहे. पुढे २०१२ साली त्यांनी आणि लिस सिल्वेन यांनी अकरा-बारा वर्षांच्या ८६ मुलांवरचा अभ्यास छापला. जास्त खेळणारी मुले इंग्रजीच्या चाचण्यांत पुढे होती.

हे वाचून कुणाचा मुलगा मासिक घेऊन तुमच्याकडे धावत येण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. 'जास्त खेळणारी' म्हणजे किती, तर आठवड्याला पाच तास किंवा त्याहून अधिक. दिवसाला पाऊण तास झाला की मूल त्या वरच्या गटात जाते. आपल्याकडे सुट्टीच्या एका दुपारी पाच तास होतात. दुसरे म्हणजे, ज्याचे इंग्रजी आधीच बरे तोच इंग्रजी गेमकडे वळतो, असेही असू शकते. शिवाय स्वीडनमध्ये परदेशी सिनेमे-मालिका मूळ भाषेत, खाली अक्षरे देऊन दाखवायची रीत आहे, त्यामुळे त्या मुलांचा कान लहानपणापासून तयार असतो. आपल्या मुलांचा तसा नाही.

मग आपल्या मुलांना नुसता गेम देऊन भागेल का? याचे उत्तर मला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात झालेल्या एका छोट्या प्रयोगात सापडले. तिथल्या विद्यापीठात परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना 'द सिम्स' हा गेम खेळायला दिला. हा घर चालवायचा खेळ आहे: माणसे वसवायची, त्यांना जेवू घालायचे, नोकरीला पाठवायचे, भांडी-फर्निचर घ्यायचे. म्हणजे रोजच्या जगण्याचे इंग्रजी. (गंमत अशी, की यातली माणसे तोंडाने इंग्रजी बोलतच नाहीत. कंपनीने त्यांच्यासाठी एक अर्थहीन बडबड तयार केली आहे. जे शिकायचे ते पडद्यावर वाचून. यातले काही प्रसंग प्रेमप्रकरणांचे आहेत, तेव्हा मी हा गेम लहानांना द्या म्हणत नाही, प्रयोगापुरते सांगते.) काही वेळा विद्यार्थ्यांना शब्दांचे पूरक साहित्य सक्तीने सोडवायला दिले, काही वेळा नुसते हाताशी ठेवले, काही वेळा दिलेच नाही. सक्ती होती तेव्हा शब्द सर्वांत चांगले पक्के झाले. हे २००६ साली प्रसिद्ध झाले, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकाने तसाच प्रयोग करून बघितला तेव्हाही पूरक साहित्याचा उपयोग दिसला. खेळ शब्दाची गरज लावतो. तो शब्द मुक्कामाला ठेवायचा तर वही लागतेच. शिक्षिका म्हणून मला हे वाचून जरा बरे वाटले, हे लपवत नाही.

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. जपानमध्ये ८० विद्यापीठीन विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या दोघांचे इंग्रजी आणि गेम खेळण्याची तयारी साधारण सारखी होती. एकाने इंग्रजी गाण्यांचा एक व्हिडिओ गेम वीस मिनिटे खेळायचा. त्याच वेळी दुसऱ्याने वेगळ्या पडद्यावर तोच खेळ नुसता बघायचा. नंतर दोघांची शब्दांची परीक्षा. शब्द दोघांनाही आठवले, पण खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला बरेच जास्त. हा अभ्यास २०१० साली छापला गेला. कारण शोधायला गेले तर सरळ आहे: खेळणाऱ्याचे बोट, डोळा, जीव सगळा बटणात अडकलेला. शब्द कानावर येतात आणि जातात. बघणाऱ्याचे डोके मोकळे असते, तो वाचतो, ऐकतो, अर्थ लावतो. खेळणाऱ्यांनी स्वतःच सांगितले की खेळ आणि शब्द दोन्ही एकदम सांभाळणे जमत नव्हते.

हे वाचल्यावर मला आपल्या घरातले एक चित्र दिसू लागले, तुम्हालाही दिसेल. घरात मोबाईल एक, फार तर दोन. त्यावर हक्क मुलाचा. बहीण त्याच्या खांद्यामागे उभी, हातात एखादे काम, डोळे पडद्यावर. "भाईजान, तिकडे लिहिलेय बघ, दरवाजा मागच्या बाजूला आहे." भाईजान वाचत नाही, तो पळत असतो. वाचते ती. आणि आपण काय म्हणतो? त्याला म्हणतो, बस झाले आता. तिला म्हणतो, तू काय बघतेस, तुला काय कळते त्यातले, चल आत. जपानच्या प्रयोगाप्रमाणे बघायचे तर त्या खोलीत भाषा शिकणारी तीच आहे आणि आपण नेमके तिलाच उठवतो.

स्वीडनच्या अभ्यासातही हा धागा होता. तिथे मुलगे मुलींपेक्षा गेमवर जास्त वेळ घालवत, आणि त्याचा फायदा त्यांच्या शब्दसंग्रहात दिसे. म्हणजे ज्या देशात मुलींना कोणी अडवत नाही तिथेही हा फरक होता. आपल्याकडे वर्गात इंग्रजीत मुली पुढे असतात, हे कुठल्याही शिक्षिकेला विचारा. पण बाहेरचे इंग्रजी, म्हणजे पडद्यावरचे, फोनवरचे, अनोळखी माणसाशी बोलायचे, ते मुलग्यांच्या वाट्याला जाते. बारावीनंतर मुलाखतीला बसायची वेळ आली की मार्कांत पुढे असलेली मुलगी गप्प बसते, आणि ३८ मार्कांचा तिचा भाऊ मोडकेतोडके बोलून निघून जातो. हे मी किती वेळा बघितले, मोजलेले नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. मुलीने फक्त बघत राहावे असा त्या प्रयोगाचा अर्थ काढू नका. तो अर्थ काढणारे काही अब्बू मला ठाऊक आहेत. अर्थ असा काढा की दोघांना एका मोबाईलवर बसवा. पंधरा मिनिटे एकाचा हात, दुसऱ्याचे डोळे. मग अदलाबदल. ज्याच्या हातात फोन नाही त्याच्या हातात वही-पेन्सिल. त्याने किंवा तिने पडद्यावर आलेले पाच नवे शब्द टिपायचे. पाचच. वहीत तीन रकाने आखा: इंग्रजी शब्द, उर्दू किंवा मराठी अर्थ, आणि गेममध्ये तो कुठे आला ते एका ओळीत. हा तिसरा रकाना महत्त्वाचा, कारण तिथे मुलाला वाक्य करावे लागते. गेममधून वस्तूंची नावे भराभर येतात, वाक्य मात्र येत नाही. जपानच्या त्या प्रयोगात दोन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा खेळणारे आणि बघणारे दोघेही बरेच विसरले होते. म्हणून जुन्या पानांवरचे शब्द पंधरा दिवसांनी दस्तरख्वानावर विचारायचे. हे काम इंग्रजी न येणाऱ्या अम्मीलाही करता येते. "ती लोखंडाची भट्टी, तिला काय म्हणतात रे?" एवढेच विचारायचे आहे. दादीने विचारले तर आणखी उत्तम, मुले दादीला समजावून सांगताना फार खुलतात.

एक गोष्ट अरबीची. ज्यांच्या घरातले कोणी आखातात आहे त्यांना रोजच्या अरबीची किंमत ठाऊक आहे. आपली मुले नाजरा वाचतात, अक्षर ओळखतात, उच्चार चांगले असतात, पण बाजारात अरबी माणसाने पाण्याचा भाव विचारला तर उत्तर देता येत नाही. तिलावतीचा अदब वेगळा आणि बोलण्याची भाषा वेगळी, दोन्हींची गल्लत मी करत नाही. फक्त एवढेच सांगायचे आहे की अक्षरओळखीचा मोठा डोंगर आपल्या मुलांनी आधीच चढलेला असतो. परक्या माणसाला तिथेच वर्ष जाते.

अरबी बोलायला शिकवणारा एक फार मेहनतीने केलेला गेम अमेरिकेत झाला, तो कुणासाठी हे ऐका: इराकमध्ये पाठवायच्या सैनिकांसाठी. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, सैन्यसंशोधनाच्या पैशातून 'टॅक्टिकल इराकी' तयार झाला. सैनिकाने पडद्यावरच्या गावात शिरायचे, मायक्रोफोनमध्ये खरेच अरबी बोलायचे, सलाम करायचा, छातीवर हात ठेवायचा. अदबीने बोलला तर गावकरी विश्वास ठेवतात, नाहीतर संशय घेतात. आपल्या घरातले तहजीबीचे धडे त्यांनी बंदूकवाल्याला गेममधून शिकवले. मनात कडवटपणा येतो, पण शिकवण्याची पद्धत अव्वल होती हेही मान्य करावे लागते: बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

घरात करता येण्यासारखा साधा मार्ग फुटबॉलचा आहे. फिफा मालिकेच्या गेममध्ये (हल्ली तिचे नाव ईए स्पोर्ट्स एफसी) अरबी कॉमेंट्रीचा पर्याय अनेक वर्षे आहे. मुलाला खेळ पाठ असतो, त्यामुळे न समजणारी कॉमेंट्रीही अर्थ लावत ऐकता येते. गोल झाला की 'हदफ'. उर्दूत हदफ म्हणजे निशाणा, तो आपल्याला माहीतच आहे. चेंडू म्हणजे 'कुरा'. उर्दू माध्यमाच्या मुलाने भूगोलात 'कुर्रा-ए-अर्ज' वाचलेले असते, तोच शब्द. पंच म्हणजे 'हकम', हुकूम देणारा. आणि खेळाडूला म्हणतात 'लाइब'. वडीलधारे ज्या खेळांना 'लह्व-ओ-लइब' म्हणून नाक मुरडतात, त्यातलाच हा लइब! मराठी माध्यमाच्या मुलांनीही घाबरू नये. हिशेब, तारीख, वकील, किल्ला, हुकूम, हे सगळे अरबीतून आपल्या मराठीत येऊन मुरलेले शब्द आहेत.

ज्यांच्याकडे जुना काँप्युटर आहे त्यांच्यासाठी १९९९ चा 'एज ऑफ एम्पायर्स २' आहे. त्यात सलाहुद्दीन अय्यूबींची मोहीम आहे, अरब सैनिक अरबीत, तुर्क तुर्कीत आणि इराणी फारसीत जबाब देतात. एक-दोन शब्दांचेच जबाब, पण कान उघडायला पुरे. २०२३ चा 'असॅसिन्स क्रीड मिराज' नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो, आणि तो पूर्ण अरबी आवाजात खेळता येतो. बगदादच्या इतिहासाची टिपणेही त्यात दिली आहेत. कॉलेजात अरबी घेतलेल्या मोठ्या मुलांनी तो जरूर बघावा. शाळेतल्या मुलांना मात्र नाही: कथा मारेकऱ्यांची आहे, रक्तपात भरपूर आहे आणि गेमवर वयाचा इशाराही तसाच छापलेला आहे. बगदाद बघायला मिळते म्हणून त्याकडे डोळेझाक करणाऱ्यांपैकी मी नाही.

पैशांचे बोलायचे राहिले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. पण साध्या गेममध्येही बंद पेट्या विकत घ्यायला लावतात, आत काय निघेल ते नशिबावर. त्याला जुगाराचा वास आहे, आणि पैसे अम्मीच्या यूपीआयमधून जातात. यूपीआयचा पिन मुलांना देऊ नका. अनोळखी लोकांशी बोलायची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. 'परदेशी मित्राशी इंग्लिश बोलतोय' हे कारण चौदा वर्षांच्या मुलाकडून मी तरी ऐकून घेत नाही, मुलीकडूनही नाही. वेळ मगरिबच्या आधी ठेवा. इशानंतर मोबाईल मोठ्यांच्या खोलीत.

गेमची भाषा बदलायचे बटण कुठे असते ते मुलांनाच विचारा, त्यांना माहीत असते. फक्त इंग्रजीवरून अरबीवर जाण्याआधी ते बटण वरून कितवे आहे हे वहीत लिहून ठेवा. एकदा भाषा बदलली की सेटिंगची सगळी पाने अरबीत दिसू लागतात, ओळीही उजवीकडून सुरू होतात, आणि परत यायचा रस्ता मग वाचूनच शोधावा लागतो. एका घरात तो बहिणीने शोधला, अर्ध्या तासात.